गर्दीची रोजंदारी

मे २०२० च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने चित्रीकरण पुन्हा सुरू करण्यासाठी नियम काढले. करोनामुळे त्यांत एक अट होती: वयाची पासष्टी ओलांडलेल्या कोणालाही सेटवर येता येणार नाही. चर्चा झाली ती नामवंत ज्येष्ठ नटांची. पण न्यायालयात दाद मागणाऱ्यांत सत्तर वर्षांचे एक कलाकार होते. चित्रपट आणि मालिकांत लहानसहान भूमिका करत त्यांनी चार दशके काढली होती. उत्पन्नाचे दुसरे साधन नाही, काम करण्याइतकी तब्येत आहे, मग पोट कसे भरायचे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ७ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली.

लहान भूमिका करणाऱ्याचे काम हौस किंवा नशीब आजमावणे नसून उदरनिर्वाहाचा हक्क आहे, हे त्या निकालाने ठळक झाले. पडद्यावर नायकाच्या मागे चालणारे, लग्नात अक्षता टाकणारे, कोर्टात बाकावर बसणारे ज्युनिअर आर्टिस्ट याच हक्काच्या शेवटच्या टोकाला उभे आहेत.

मुंबईत त्यांना काम मिळते ते फोनवर. निर्मितीसंस्था आपली गरज को-ऑर्डिनेटरला कळवते. पूर्वी त्याला सप्लायर म्हणत, अजूनही म्हणतात. चाळीस वऱ्हाडी, दहा वकील, बाजारातल्या बायका. माणसे तो जमवतो, पैसेही बहुधा त्याच्याच हातून येतात आणि त्याचा वाटा आधी कापला जातो. पुरुषांची ज्युनिअर आर्टिस्ट संघटना वेगळी, स्त्रियांचा महिला कलाकार संघ वेगळा. दर ठरताना दिसण्याची प्रतवारी होते. उजळ रंगाचा, सूट शोभेल असा माणूस ‘डिसेंट’ ठरतो आणि त्याला जास्त पैसे मिळतात. उरलेले साध्या गर्दीत जातात. या व्यवसायातली मला सर्वांत खुपणारी गोष्ट हीच आहे. एकाच उन्हात तितकेच तास उभ्या राहिलेल्या दोन माणसांची मजुरी कातडीच्या रंगावरून ठरावी, याचे कोणतेही समर्थन मला पटत नाही.

सेटवर त्यांची जबाबदारी एखाद्या कनिष्ठ सहायक दिग्दर्शकाकडे असते. ‘पासिंग दे’ असे त्याने सांगितले, की कॅमेऱ्यासमोरून ठरल्या क्षणी, ठरल्या चालीने जायचे. ऐकायला सोपे वाटते. पण नायिकेच्या तिसऱ्या वाक्याला तुम्ही खांबाजवळ असाल, तर पुढच्या प्रत्येक टेकला आणि कॅमेरा दुसऱ्या बाजूला गेल्यावरही तिसऱ्या वाक्यालाच खांबाजवळ असायला हवे. पिशवी त्याच हातात, पदर त्याच खांद्यावर. थेट ध्वनिमुद्रण चालू असेल तर आवाज न करता गप्पा मारायच्या, संगीत बंद असताना तालात नाचायचे, पेला ओठांपर्यंत नेऊन न पिता खाली ठेवायचा. लेन्सकडे बघायचे नाही. सगळे कसब प्रेक्षकाची नजर आपल्यावर न ठरू देण्यात असते. मालिकेतले लग्न मोजक्या माणसांत उरकायचे असेल, तर मघाशी वधूपक्षाकडे बसलेले दिसले, तेच पुढच्या शॉटला शाल बदलून वरपक्षात बसतात. प्रेक्षकाला हॉल भरलेला दिसतो. ही करामत त्या पंधरा-वीस माणसांची आहे, आणि मी तिला अभिनयच म्हणते.

सुरुवातीला या माणसांना कंपनीचा आधार होता. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) केला तेव्हा नट, कामगार सगळे एकत्र राहत आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली आणि १९३३ मध्ये पुण्यात आलेली ‘प्रभात’ फिल्म कंपनी पगारी माणसांवर चाले. पुढे स्टुडिओ मोडले, निर्माता एकेका चित्रपटापुरता माणसे घेऊ लागला आणि गर्दी महिन्याच्या पगारावरून दिवसाच्या मजुरीवर आली. मध्यस्थाची जागा तिथे तयार झाली. विनोदी नट जॉनी वॉकर बेस्टमध्ये कंडक्टर असताना अशाच गर्दीत किरकोळ कामे करत. ‘बाजी’ने (१९५१) त्यांना बाहेर काढले. त्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. तिच्या भरवशावर अनेकांनी आयुष्य या रांगेत काढले.

गर्दी कधी विकत घेता येते, कधी आपण होऊन येते. ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीच्या राजपथावर रिचर्ड ॲटनबरोंनी ‘गांधी’ चित्रपटासाठी गांधीजींची अंत्ययात्रा चित्रित केली, तेव्हा सुमारे तीन लाख लोक जमले. त्यांतले ९४,५६० मोबदल्यावर, बाकीचे स्वखुशीने. अकरा कॅमेरे लागले आणि चित्रपटात उरली जेमतेम दोन मिनिटे. ‘लगान’ चित्रपटातल्या क्रिकेट सामन्यासाठी कच्छमधल्या गावांतून सुमारे दहा हजार माणसे आली होती. चित्रपट थेट ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे एवढ्या जमावाला दिग्दर्शक सांगेल तेव्हा गप्पही बसायचे होते.

१९८१ मध्येच संसदेने सिने-कामगारांसाठी कायदा केला. थेट किंवा कंत्राटदारामार्फत घेतलेल्या कामगाराशी लेखी करार करणे त्यात बंधनकारक झाले. पण कायदा होता कथापटांपुरता. दूरदर्शन मालिकांचे युग त्यानंतर आले आणि रोज चित्रीकरण चालणाऱ्या या क्षेत्रातली माणसे त्या व्याख्येबाहेर राहिली. २०२० च्या कामगार संहितेने ‘दृक्-श्राव्य कामगार’ असा वर्ग धरून मालिकाही आत घेतल्या. ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ रोजी.

एवढ्यात नवा प्रश्न दारात आला आहे. अमेरिकेत १४ जुलै ते ९ नोव्हेंबर २०२३ या काळात नटांनी जो संप केला, त्याच्या कारणांत पार्श्वकलाकारांचे स्कॅनिंग होते: एकदा शरीराची डिजिटल प्रत घ्यायची आणि पुढे वापरत राहायची. अशी प्रत करण्यासाठी आणि वापरण्यासाठी कलाकाराची संमती लागेल, हे अखेर करारात आले. तिथे हे जमले, कारण १९२५ साली लॉस एंजेलिसमध्ये सेंट्रल कास्टिंग ही संस्था निघाल्यापासून एक्स्ट्रांच्या कामाची नोंद कागदावर होत आली आहे आणि त्यांच्या बाजूने बोलणारी संघटना वाटाघाटींना बसते.

गोरेगावच्या चित्रनगरीत कॉलवर येणाऱ्या बाईकडे निदान तिला वाचता येईल अशा मराठी-हिंदीतला करार असावा. आपला चेहरा स्कॅन होतो आहे का, तो कुठे वापरणार, किती दिवस आणि प्रत्येक वापराचे पैसे किती, हे त्यात लिहिलेले असावे. आणि सही करण्याआधी तो कागद तिच्या हातात पडावा, को-ऑर्डिनेटरच्या नव्हे.