तेल व पाणी यांची मिळणी

कापडे-पोलादपूरकडील बागाईतदारांनीं आंब्याच्या तुडतुड्यांवर निंबोळीचें तेल फवारतांना एक ध्यानांत ठेवावें. नुसतें तेल पाण्यावर तरंगतें. मग पंपांतून कधीं निव्वळ पाणी, तर कधीं निव्वळ तेल जाऊन मोहर करपण्याची भीति असते. साबणाच्या कणाचें एक टोंक तेलास व दुसरें पाण्यास धरतें, म्हणून तेलाचे थेंब पुन्हा एकवटत नाहींत. स्टोक्स यांच्या १८५१ च्या नियमान्वयें थेंबाचा व्यास निम्मा झाल्यास वर येण्याचा वेग चौथाई होतो. यास्तव घुसळण्यांत कसर करूं नये. लिटरभर पाण्यास ५ मिलिलिटर तेल पुरे. तें प्रथम थोड्या साबणाच्या पाण्यांत दुधासारखें होईतों घुसळावें, मग उरलेलें पाणी मिळवावें. जड पाण्यांत साबण फाटतो. तवंग दिसल्यास फवारूं नये.