हवामानाची फाईल कोणत्या टेबलावर?

१३ डिसेंबर २०२१. न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेपुढे नायजर आणि आयर्लंड यांनी मिळून मांडलेला ठराव मतदानाला आला. हवामानबदलामुळे संघर्ष कसे चिघळतात, याकडे परिषदेने आपल्या कामकाजात नियमितपणे पाहावे, असा त्याचा रोख होता. १५ पैकी १२ देश बाजूने, चीन तटस्थ. रशियाने नकाराधिकार वापरला आणि ठराव पडला. विरोधातले दुसरे मत भारताचे होते.

तोफांपलीकडची सुरक्षा

सुरक्षा म्हणजे सीमा, सैन्य आणि शत्रुराष्ट्र, ही समजूत शीतयुद्ध संपल्यावर सैल झाली. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने निघालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या मानवी विकास अहवालाने प्रश्नच उलटा केला: देश सुरक्षित आहे, पण माणसाचे काय? अन्न, आरोग्य, रोजगार, पर्यावरण हे सगळे ‘मानवी सुरक्षे’त आले. यादी इतकी लांबली की सुरक्षेत काय येत नाही, असे टीकाकार विचारू लागले. ते चूक नव्हते.

नावातली मेख

सुरक्षा-अभ्यासक बॅरी बुझान आणि ओले व्हेवर यांच्या कोपनहेगन पंथाने वेगळीच गोष्ट दाखवली. एखादा विषय ‘सुरक्षेचा’ आहे असे कुणीतरी अधिकाराने जाहीर करते, ऐकणारे ते मान्य करतात, आणि मग नेहमीचे नियम बाजूला ठेवायला मोकळीक मिळते. ‘आणीबाणी’ हा शब्द अनुभवलेल्या पिढीला हे वेगळे समजावून सांगायला नको.

याचा फायदाही होतो. सप्टेंबर २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेने पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीला जागतिक शांततेला असलेला धोका ठरवले, आणि त्यानंतर लगेच संयुक्त राष्ट्रांचे खास आरोग्य पथक उभे राहिले. त्याआधी जानेवारी २००० मध्ये एड्सवरही परिषदेत चर्चा झाली होती.

भारत विरोधात का गेला?

भारताचा मुद्दा टेबलाचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराच्या चौकटीत जवळजवळ सगळे देश बसतात आणि ज्याने जास्त धूर सोडला त्याची जबाबदारी जास्त, हे तत्त्व तिथे मान्य आहे. सुरक्षा परिषदेत १५ देश, त्यातल्या पाचांकडे नकाराधिकार, आणि कार्बन उत्सर्जनाचा मोठा इतिहास त्यांतल्याच काहींच्या नावावर. आरोपीनेच न्यायाधीश व्हावे तसे हे. मला हा युक्तिवाद वजनदार वाटतो.

पण तो नायजरला उत्तर देत नाही. नायजर ज्यात येतो त्या साहेल पट्ट्यात पाऊस लहरी झाला की गुराखी कळप घेऊन दक्षिणेकडे सरकतात, पिके उभी असतानाच शेतात गुरे शिरतात आणि भांडण पेटते. बंदुका घेऊन फिरणाऱ्या गटांना रिकामटेकडी पोरे आयती मिळतात. हे वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींच्या वेगाने चालत नाही. शिवाय मतदान ‘श्रीमंत विरुद्ध गरीब’ असे झालेच नाही: नायजरबरोबर केनिया, ट्युनिशिया आणि सेंट व्हिन्सेंटसारखा छोटा बेटदेशही बाजूने होता. मालदीवने तर २००९ मध्येच मंत्रिमंडळाची बैठक समुद्राखाली भरवली होती. नाटक खरे, पण कोण बुडणार आहे हे जगाला कळले.

आधीच शिरलेला विषय

गंमत म्हणजे हवामानबदलाचा विषय २०२१ च्या मतदानाआधीच सुरक्षा परिषदेच्या कागदांत शिरलेला होता. मार्च २०१७ मध्ये चाड सरोवराच्या खोऱ्यावरच्या २३४९ क्रमांकाच्या ठरावात बोको हराम या अतिरेकी गटाच्या हिंसाचाराबरोबर हवामानबदल, पाणीटंचाई आणि दुष्काळ यांचाही उल्लेख आहे. तो एकमताने संमत झाला होता, रशियाच्या मतासकट.