मागचं ओझं

सासवडहून अंजिरांचे क्रेट ट्रेलरमध्ये भरून आम्ही जीपने मार्केट यार्डाकडे निघालो होतो. दिवे घाटाच्या उतारावर आरशात पाहिलं, तर ट्रेलर डुलतोय! पोटात गोळाच आला. पाय ब्रेककडे गेला, तोच शेजारून सासरे म्हणाले, "सूनबाई, ब्रेक नको. अ‍ॅक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर." वेग उतरला, ट्रेलर शहाण्यासारखा मागे आला. ब्रेक दाबला असता, तर मागच्या वजनाने जीपलाच आडवं केलं असतं.

घाट उतरल्यावर चूक कळली. जड क्रेट मी मागे रचले होते! निम्म्याहून जास्त वजन ट्रेलरच्या चाकांच्या पुढे हवं, एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर पडायला हवा. आखूड गाडीला ट्रेलर लवकर हलवतो. तीन दारांच्या थारच्यासुद्धा पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जेमतेम २४५० मिलिमीटर.

आता निघण्याआधी हुकची पिन, फुलीसारख्या अडकवलेल्या साखळ्या, मागचे दिवे, टायरची हवा बघते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकते. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवायचा. ट्रेलर जिकडे न्यायचा, तिकडेच हात. मैत्रिणींनो, जमतं हो! फक्त भरताना घाई नको.