‘कोण?’ की ‘कशामुळे?’

जग शाश्वत की अशाश्वत, जीव आणि शरीर एक की भिन्न, मरणोत्तर तथागत असतो की नसतो, अशा दहा प्रश्नांना पाली वाङ्मयात ‘अव्याकत’ म्हटले आहे. तथागतांच्या या मौनाचे कारण सांगताना विषारी बाणाचा दृष्टान्त बहुधा दिला जातो. त्यातून असा समज रूढ झाला आहे की, उत्तर होते, पण निरुपयोगी म्हणून ते राखून ठेवले गेले. आम्हांस हा समज अपुरा वाटतो.

संयुत्त निकायाच्या निदानवग्गात मोलिय फग्गुन या भिक्खूची कथा आहे. भगवंत चार आहारांविषयी बोलत होते. विज्ञानरूपी आहाराचा उल्लेख येताच फग्गुनाने विचारले, हा आहार खातो कोण? भगवंतांनी हा प्रश्नच अयोग्य ठरविला. कोणी ‘खाणारा’ आहे असे त्यांनी म्हटलेच नव्हते. हा आहार कशाला कारण होतो, एवढेच विचारता येते. फग्गुन थांबला नाही. स्पर्श कोणाला होतो, वेदना कोणाला, तृष्णा कोणाला? प्रत्येक वेळी भगवंतांनी ‘कोण’ काढून ‘कशामुळे’ ठेवले. येथे उत्तर राखून ठेवलेले नाही. प्रश्नच दुरुस्त केला आहे.

वच्छगोत्ताला अग्नीचा दृष्टान्त दिला तोही असाच. विझलेला अग्नी पूर्वेला गेला की पश्चिमेला? आपण ‘वीज गेली’ म्हणतो, पण कोणत्या दिशेला गेली हे कोणी शोधत नाही. भाषेतील क्रियापद कर्ता मागते, म्हणून वस्तुस्थितीत कर्ता असतोच असे नाही.

हा केवळ पंडितांचा विषय नव्हे. ‘मागील जन्मी याने कोणते पाप केले म्हणून हा अस्पृश्य जन्मला?’ हा प्रश्न आमच्या वाडवडिलांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारला गेला. ‘पाप केले नाही’ असे संतापून सांगणाराही जन्मोजन्मी तोच राहणारा ‘हा’ नकळत मान्य करतो. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पुनर्जन्म ‘कशाचा’ आणि ‘कोणाचा’ हे प्रश्न वेगळे केले, ते आम्हांस यासाठीच मोलाचे वाटते.

मज्झिम निकायातील चूळकम्मविभंग सुत्त मात्र नीच कुळातील जन्माचे कारण पूर्वीचा उद्धटपणा सांगते, हे आम्ही लपवीत नाही. ते सुत्त वाचताना फग्गुनाला मिळालेली दुरुस्ती शेजारी ठेवावी, आणि अस्पृश्यता कशामुळे उत्पन्न झाली, कशामुळे टिकली, हे विचारावे. त्याची उत्तरे गावाच्या पाणवठ्यावर, जमिनीच्या मालकीत आणि स्मृतिग्रंथांत सापडतात.