गल्लीचें रूप पालटावें कसें?

आपल्या शहरांतील कोणतीही एक गल्ली डोळ्यांपुढें आणा. घरांच्या आंत डोकावून पाहावें, तर फरशी लखलखीत पुसलेली, भांडीं घासून पालथीं घातलेलीं आणि खिडकींतील कुंडीस पाणी घातलेलें. परंतु उंबरठ्याबाहेर पाऊल टाकावें, तों केळीच्या साली, प्लॅस्टिकच्या पिशव्या, फुटक्या बाटल्या आणि तुंबलेलें गटार! आंतील माणसें तींच, बाहेरील माणसेंही तींच. मग हा भेद कां? आम्हांस वाटतें, ह्याचें कारण एका समजुतींत आहे. घर आमचें आणि रस्ता सरकारचा, अशी ती समजूत होय.

ह्या समजुतीच्या जोडीस दुसरी एक गोष्ट असते. घाण घाणीस बोलावते. नेदरलंड्स देशांतील ग्रोनिंगेन शहरांत एक प्रयोग झाला. त्याची हकीकत २००८ सालीं प्रसिद्ध झाली. सायकली उभ्या करण्याच्या एका बोळांत प्रत्येक सायकलीस जाहिरातीचा एकेक कागद अडकविला. जवळ कचऱ्याची पेटी नव्हती. भिंत स्वच्छ होती, तेव्हां शेंकडा ३३ लोकांनीं तो कागद खालीं टाकला. पुढें भिंत रेघोट्यांनीं विद्रूप केली, तेव्हां शेंकडा ६९ लोकांनीं तेंच केलें. माणसें बदललीं नव्हतीं. केवळ भिंत बदलली होती. ह्यावरून असें दिसतें कीं, मलिन जागा पाहणाऱ्यास मुकाट्यानें सांगत असते, ‘येथें कोणाचें लक्ष नाहीं.’

मग उपाय काय? नुसता झाडू पुरेल काय? ह्याचें उत्तर अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरानें दिलें आहे. तेथें ५४१ ओसाड जागा निवडून चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणें त्यांचे तीन गट पाडिले. एका गटांतील जागा साफ करून त्यांत हिरवळ व थोडीं झाडें लाविलीं, भोवतीं ठेंगणें लांकडी कुंपण घातलें आणि पुढें नियमानें निगा राखिली. दुसऱ्या गटांतील केवळ कचरा उचलला. तिसरा गट होता तसाच ठेविला. २०१८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हिरव्या केलेल्या जागांभोवतीं राहणाऱ्यांमध्यें, आपण उदास आहों असें सांगणाऱ्यांचें प्रमाण तिसऱ्या गटाच्या मानानें शेंकडा ४१ हून अधिक घटलें होतें. केवळ कचरा उचललेल्या जागांभोवतीं मात्र तसा ठळक फरक दिसला नाहीं. कचरा काढणें ही पहिली पायरी खरी. पण रिकामी जागा पुनः कचऱ्यास आमंत्रण देते, आणि तेथें झाड उभें राहिलें म्हणजे जागेस धनी मिळतो.

हें काम सरकारची वाट न पाहतांही सुरू होऊं शकतें. १९७३ सालीं न्यूयॉर्क शहरांत लिझ क्रिस्टी ह्या चित्रकर्त्रीनें शेजाऱ्यांस जमवून बोअरी व हाउस्टन ह्या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील एका उकिरड्यावर हात घातला. त्यांनीं कचरा काढला, नवी माती आणली, वाफे केले. १९७४ सालीं नगरसंस्थेनें ती जागा महिना एक डॉलर भाड्यानें त्यांस दिली. ती बाग आजही आहे आणि तिला लिझ क्रिस्टीचेंच नांव आहे.

इतकें दूर तरी कशाला जावें? मुंबईंत घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनीं १९९७ च्या सुमारास आपली गल्ली आपणच सांभाळावयाचें ठरविलें. ओला कचरा निराळा करून त्याचें खत करावें, सुका कचरा वेंचणाऱ्यांस द्यावा, आणि महानगरपालिकेनें त्यांच्या तक्रारींकडे तत्परतेनें लक्ष द्यावें, अशी ही पद्धत. पालिकेनें ती उचलून धरली व शहरांत अशीं शेंकडों मंडळें निघालीं. त्यांतील बरींच पुढें थंडावलीं, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे. आरंभ उत्साहानें होतो. टिकाव मात्र पाळीपाळीनें केलेल्या कामानेंच लागतो.

आतां कामाचा क्रम पाहूं. प्रथम कचरा घरांतच वेगळा करावा. भाजीचे देंठ, साली, शिळें अन्न हा ओला कचरा, त्यावर वाळक्या पानांचा थर, पुनः ओला, पुनः वाळका, अशी रचना करावी. डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जीव त्यावर जगतात. त्यांस ओल आणि हवा दोन्हीं लागतात. म्हणून ढीग अधूनमधून वरखालीं करावा. दुर्गंधी आली तर ओल फार झाली असें समजून वाळकीं पानें वाढवावीं. दोन-तीन महिन्यांत काळेंभोर, मातीच्या वासाचें खत तयार होतें. झाडलेलीं पानें जाळणारा मनुष्य धूर पदरीं घेतो आणि खत गमावतो.

नंतर झाडें. गुलमोहर शोभिवंत खरा, परंतु तो मूळचा मादागास्करचा, आणि त्याच्या फांद्या वादळांत सहज मोडतात. आपल्याकडील बहावा, बकुळ, कडुनिंब, करंज हीं झाडें ह्या हवेस सरावलेलीं आहेत. ताम्हण तर महाराष्ट्राचें राज्यफूल आहे. रोप मृगाच्या पावसानंतर लावावें आणि पहिले दोन-तीन उन्हाळे त्यास पाणी घालावें. बहुतेक रोपें मरतात तीं ह्याच काळांत. बुंध्यापर्यंत फरशी किंवा सिमेंट कधींही घालूं नये. पाणी व हवा मुळांपर्यंत गेली पाहिजे. ह्याच कारणास्तव २०१३ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें दिल्लींतील झाडांभोवतीं एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला.

विद्यार्थिमित्रहो, एक गोष्ट मात्र विसरूं नका. गल्ली सुंदर करावयाची म्हणून कोपऱ्यावरील भाजीवाल्या म्हातारीस हुसकावून लाविलें, तर तें सौंदर्य नव्हे. तसेंच, कचऱ्यांत हात घालणारा मनुष्यही आपल्याच गल्लीचा आहे. पुण्यांत १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, ती ह्याच लोकांच्या श्रमास मान मिळावा म्हणून. फुटका पेला उघडा टाकिला, तर उद्यां सकाळीं कोणाचा तरी हात कापतो. तो कागदांत गुंडाळून वेगळा देणें, एवढें तर आठ वर्षांच्या मुलासही करतां येईल.

पालकांस आमची विनंति अशी कीं, येत्या पावसाळ्यापूर्वीं दहा घरें एकत्र बसवावीं, एक खड्डा खतासाठीं काढावा, चार रोपें निवडावीं, आणि पाणी कोणीं कोणत्या वारीं घालावयाचें हें कागदावर लिहून जिन्यांत लावावें. त्या कागदावर मुलांचींही नांवें असावींत. ज्या झाडास आपण पाणी घातलें, त्याच्या बुंध्याशीं कचरा टाकावयास कोणाचाही हात सहसा धजत नाहीं.