कृष्णविवर: गोळा नव्हे, सीमा

कृष्णविवर म्हटले की अफाट घनतेचा, सगळे ओढून घेणारा गोळा डोळ्यांपुढे येतो. साधी आकडेमोड हे चित्र टिकू देत नाही. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे घटना क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही ती सीमा, केंद्रापासून सुमारे ३ किलोमीटरवर असते. वस्तुमान दुप्पट झाले की ही त्रिज्याही दुप्पट होते, पण घनफळ आठपट. म्हणजे कृष्णविवर जितके मोठे, तितकी सरासरी घनता कमी. २०१९ मध्ये ज्याची प्रतिमा प्रसिद्ध झाली, त्या एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट आहे. शाळेतले गोलाचे सूत्र वापरले (आतले अवकाश वक्र असल्याने ते ढोबळच), तर त्याची घनता हवेपेक्षाही कमी भरते. ओढून घेण्याचेही तसेच. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, तर पृथ्वी गारठेल. कक्षा मात्र सोडणार नाही.

मग कृष्णविवर ठरते ते सीमेवरून. सापेक्षतावादाच्या समीकरणांना श्वार्त्सशिल्डने १९१६ मध्ये मांडलेल्या उत्तरात क्षितिजाच्या त्रिज्येवर समीकरण बिघडते, आणि अनेकांना तिथे खरीच भिंत आहे असे वाटत राहिले. १९५८ मध्ये फिंकेलस्टाइनने दाखवले की दोष मोजपट्टीचा आहे. ती जागा म्हणजे आत जाऊ देणारी, बाहेर न सोडणारी सीमा. तिच्या आत केंद्राकडे सरकणे हे उद्याकडे सरकण्याइतकेच अटळ असते. यावर कोणी म्हणेल, शेवटी केंद्रात पदार्थ अनंत घनतेला पोचतोच ना? पण पेनरोज यांचे १९६५ चे प्रमेय, ज्यामागे कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींच्या १९५५ च्या समीकरणाच्या धर्तीचे गणित आहे, अनंत घनतेबद्दल बोलतच नाही. बाहेर सोडलेला प्रकाशही आतच आवळला जाईल असा बंदिस्त पृष्ठभाग एकदा तयार झाला, की प्रकाशाचे काही मार्ग अर्ध्यावर संपतात, एवढेच ते सांगते. पुढे काय, याला सापेक्षतावादाकडे उत्तर नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: क्षितिज दिसत नाही, तर तिथे पृष्ठभाग नाही हे कशावरून? सी. व्ही. विश्वेश्वरांनी १९७० मध्ये गणिताने दाखवले, की धक्का बसलेले कृष्णविवर ठरावीक पद्धतीने कंप पावून लवकरच शांत होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो वेधशाळेने टिपलेल्या, दोन कृष्णविवरांच्या मिलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरींची अखेर या अपेक्षेशी जुळली. तरी हा निर्णायक पुरावा नव्हे, कारण ते कंपन मुख्यतः क्षितिजाच्या बाहेर, जिथे प्रकाश घिरट्या घालू शकतो त्या भागातून येते. क्षितिजाहून जेमतेम मोठा, कठीण पृष्ठभागाचा गोळाही सुरुवातीला तसाच कंप पावेल. मागाहून मात्र त्याचे प्रतिध्वनी यायला हवेत. असे प्रतिध्वनी शोधले गेले, पण पटण्याजोगा पुरावा अजून मिळालेला नाही.