चित्रनगरी ते आरे : आयएसओ किती ठेवावा?

कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता दाखवणारा आयएसओचा आकडा दुप्पट केला की तेवढ्याच उजळ चित्रासाठी निम्मा प्रकाश पुरतो. मात्र कमी प्रकाशात टिपलेल्या चित्रात रवाळपणा वाढतो.

दिंडोशीलगतच्या गोरेगाव चित्रनगरीत सेकंदाला २४ चौकटी टिपताना शटर साधारण १/५० सेकंदावर बांधलेले असते. ५० हर्ट्झ विजेवरचे दिवेही त्या वेगाला चित्रात लुकलुकत नाहीत. म्हणून कॅमेऱ्याच्या मूळ आयएसओवर, अनेकदा ८०० वर, राहून दिवेच कमीजास्त करतात आणि उन्हात प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावतात. सोनी व्हेनिस कॅमेऱ्याला ५०० आणि २५०० असे दोन मूळ आकडे असल्याने रात्रीची दृश्ये सोपी जातात.

स्टुडिओत फ्लॅशवर वस्तूंची छायाचित्रे घेताना १०० पुरतो. लग्नाच्या हॉलमध्ये फ्लॅशविना १६०० ते ३२०० लागतो.

मुंबईतल्या आरे वसाहतीच्या झाडीत पावसाळी उजेडात उडणारा पक्षी १/१००० सेकंदापेक्षा मंद शटरला बहुधा धूसर येतो. तिथे ३२००, प्रसंगी ६४०० निःसंकोच निवडावा. रवाळपणा नंतर कमी करता येतो, हललेले चित्र सहसा सुधारत नाही.

रात्रीच्या बिबट्यासाठी कॅमेरा ट्रॅप आणि फ्लॅश वापरतात. आरेतल्या वारली वस्तीच्या गल्लीत टिपलेल्या अशाच अप्रतिम चित्राबद्दल नयन खानोलकर यांना २०१६ मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला. अशा चित्रात प्राण्याची हालचाल फ्लॅश गोठवतो. गल्लीतल्या दिव्यांचा उजेड किती उमटेल, हे शटर, छिद्र आणि आयएसओ मिळून ठरवतात.